त्र्याहत्तराव्या पानावरचा नंबर

कानो शहरातल्या साबोन गारी बाजारात प्लास्टिकच्या बादल्यांच्या गल्लीत शिरलं, की डावीकडचं तिसरं दुकान माझं. आमच्याकडे मास्तरांना मालम म्हणतात, बाई असली तर मालमा. पाटीवर लिहिलंय, 'मालम साबितू. कादंबऱ्या तपासून मिळतील.' त्याखाली बारीक अक्षरात 'शेवट बदलून मिळेल' असंही होतं, पण शेजारच्या बादलीवाल्याने नेमक्या तिथेच बादल्या टांगल्या आहेत.

आमचा धंदा साधा. बायका घरी बसून शाळेच्या वह्यांमध्ये प्रेमकथा लिहितात. मी लाल पेन घेऊन त्या ठीकठाक करतो. माझा टायपिस्ट लावान त्या कॉम्प्युटरवर चढवतो. मग ऐंशी पानांचं पुस्तक निघतं, कव्हरवर कॅलेंडरातून कापलेला कुठल्यातरी हिंदी नटीचा चेहरा आणि मागे लेखिकेचा फोन नंबर. हा नंबर महत्त्वाचा. आमचा वाचक पत्रबित्र पाठवत नाही, फोन करून झापतो. "सरातूचं लग्न त्या नालायकाशी का लावलंत? माझी आई कालपासून जेवली नाहीये!" काट्सिनाच्या एका टायरवाल्याने तर एका नायिकेला रीतसर मागणी घातली होती. मी त्याला सांगितलं, अहो, ती एकसष्टाव्या पानावर वारली. त्याने दुखवट्याला कांद्याचं पोतं पाठवलं.

नव्या लेखिकांना मी सल्ला फुकट देतो. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलाय. ज्या वस्तूला गोष्टीत काम नाही, ती काढा. वातावरण हवं असेल तर एखादा प्राणी घाला. प्रकरण कधी गोडीत संपवू नका, दार धाडकन लावून संपवा. आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात: घाई केली की गोष्ट बिघडते.

मी स्वतः बावीस वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. पण सुईण स्वतः बाळंत झालेली असायलाच पाहिजे, असं कुठे आहे?

हाजिया हिंदातू शेंगदाण्याचं तेल विकते. तिच्या वह्यांनाही तेलाचा वास. तिची गोष्ट अशी: लादिदी नावाची मुलगी. काकाने तिला घरामागच्या कोठीच्या खोलीत कोंडलंय. पासष्ट वर्षांच्या कातडीच्या व्यापाऱ्याशी लग्नाला हो म्हण, मग दार उघडतो. पहिला भाग हातोहात खपला. दुसऱ्या भागाची वही घेऊन हाजिया आली तेव्हा मी तिला म्हटलं, "हाजिया, आजकाल गुरं राखणाऱ्याकडेही फोन असतो. ही पोरगी फोन का करत नाही? वाचक विचारणार."

"तिच्याकडे फोन नाहीये."

"मग द्या की. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"तिला विचारून सांगते."

"कोणाला?"

"लादिदीला," हाजिया म्हणाली, आणि वही पिशवीत घालून गेली.

 लेखिकांचं असं असतंच. एक बाई तर आपल्या खलनायकाच्या वाढदिवसाला मिठाई वाटायची.

आठवड्याने ती नवं पान घेऊन आली. लादिदीने बाजरीच्या गोणीत एक फोन लपवलाय. बॅटरीची एकच कांडी उरलीय, आणि आत एकच नंबर आहे. रोज दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर ती तो लावते, पलीकडून एक माणूस म्हणतो, 'येतो.' पण येत नाही. पान झकास होतं. नंबराची जागा हाजियाने कोरी ठेवली होती. लावानला कोरी जागा बघवत नाही. त्याने तिथे आपल्या दुकानाचा नंबर टाकला. माझा नंबर! हे मला कळलं तेव्हा दोन हजार प्रती शिवून झाल्या होत्या.

"खरं वाटतं, मालम," लावान म्हणाला. "तुम्हीच सांगता ना, खरं वाटलं पाहिजे?"

छापायला देण्याआधी राहिलं होतं शेवटचं पान. त्यात अकरा ओळी होत्या. लादिदीची म्हातारी मावशी ताबावा किल्ली चोरून आणते आणि दार उघडते. मी लाल पेनने त्या अकराच्या अकरा ओळी उडवल्या.

"दार तिसऱ्या भागात उघडू," मी म्हटलं.

हाजियाचा चेहरा उतरला. "मालम, मी तिला शब्द दिलाय."

"तिला म्हणावं धीर धर. घाई केली की गोष्ट बिघडते."

ती उठली. तिच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला.

पुस्तक बाजारात आलं आणि फोन सुरू झाले. शाळेतल्या पोरी. "मालम, मी लादिदी बोलतेय, मला सोडवा ना!" आणि मागे पाच-सहा जणींची खी-खी. मी पण मजा घेत होतो. "येतो हं, आधी कपडे इस्त्रीला दिलेत ते येऊ देत." घरी माझी बायको राकिया म्हणाली, "या वयात एवढ्या पोरींचे फोन? मग आता दाढीला मेंदी लावा एकदाची."

मग एक फोन आला, त्यात खी-खी नव्हती.

"मालम, मी लादिदी. तुम्ही येतो म्हणाला होतात."

मी मागचे आवाज ऐकायचा प्रयत्न केला. काहीच नाही. बंद खोलीत बोललं की आवाज भिंतीला लागून परत येतो ना, तेवढंच.

"कुठून बोलतेयस बाई?"

"खोलीतून."

"बरं. काय काय आहे खोलीत?"

"बाजरीच्या गोण्या आहेत. चटई आहे. पाण्याचं भांडं, अर्धं भरलेलं. वर भिंतीत तळहाताएवढी खिडकी आहे, तिथून कोसाई तळल्याचा वास येतो."

हे सगळं पुस्तकातलं होतं, अक्षर न् अक्षर. मी म्हटलं, "शाब्बास! पाठांतर छान आहे."

"मालम, हे पाणी कितीही प्यायलं तरी अर्धंच राहतं," ती म्हणाली. "आधी बरं वाटायचं. आता भीती वाटते."

हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकात एवढंच होतं: अर्धं भरलेलं भांडं.

त्यानंतर रोज फोन. असरचा नमाज आटोपून मी चपला घालतोय तोवर खिशात वाजायला लागायचा. पडद्यावर नंबर उमटायचा नाही. लावान म्हणाला, "असतो मालम तसला नंबर. मोठे लोक घेतात." मी म्हटलं, मोठ्या लोकांना बाजरीच्या गोण्यांत बसायची काय हौस? माझा संशय समोरच्या गल्लीतल्या गार्बावर होता. तो धार्मिक पुस्तकं छापतो आणि माझ्यावर जळतो. पण गार्बाला एवढी कल्पनाशक्ती असती तर त्याने माझाच धंदा केला असता.

सहाव्या दिवशी ती रडली. मोठ्याने नाही. नाक ओढलं, आणि "सॉरी" म्हणाली.

मी तेलाच्या दुकानात गेलो. हाजिया हिंदातू नरसाळ्याने बाटल्या भरत होती.

"हाजिया, तिसरा भाग द्या. त्यात ते दार उघडून टाका एकदाचं. मला रोज कोणीतरी छळतंय."

"येत नाही आता."

"काय येत नाही?"

"तिचा आवाज." तिने बाटलीला बूच लावलं. "तुम्ही त्या ओळी काढल्यात, त्या दिवसापासून नाही. आता ती तुम्हालाच फोन करते ना?"

"अहो, ती कोणीतरी वाह्यात पोरगी आहे!"

"मग कशाला आलात?" हाजिया म्हणाली. "तुम्ही बंद केलंत मालम, तुम्हीच उघडा. तेल देऊ का अर्धा लिटर?"

घेतलं. आता तिच्या दुकानात गेल्यावर नाही कसं म्हणणार?

ते जाऊ दे. मला सुचलं, की त्या अकरा ओळीच शोधाव्यात आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला जशाच्या तशा छापाव्यात. पण वापरून झालेल्या वह्या मी कोपऱ्यावरच्या कोसाईवालीला देतो. देलू नाव तिचं. चवळीची गरम भजी ती त्या पानांत बांधून देते. माझ्या बावीस वर्षांच्या संपादनावर अर्धं कानो जेवलंय.

"हाजिया हिंदातूची वही?" देलू हसायला लागली. "मालम, ती तर केव्हाच लोकांच्या पोटात गेली. तिची पानं चांगली होती हो. आधीच तेलकट. तुमच्या त्या शिकलेल्या बायकांची कोरडी पानं फाटतात."

म्हणजे मलाच लिहायचं होतं.

माणूस बावीस वर्षं दुसऱ्यांना पोहायला शिकवतो आणि एक दिवस त्याला कोणीतरी विहिरीत ढकलतं. तीन दुपारी मी कागदासमोर बसून होतो. शेवटी लिहिलं, 'किल्ली कुलपात हळूहळू फिरू लागली.' मग वातावरणासाठी भिंतीवर लाल डोक्याचा एक सरडा घातला. बरं वाटलं. पान खणात ठेवलं, कुलूप लावलं. खणाची आणि दुकानाची, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यातल्या दोरीत असतात. लावान पुतणीच्या बारशाला कादुनाला गेला होता.

दुसऱ्या दिवशी फोन.

"मालम, हा सरडा कशाला?"

"कसला सरडा?"

"भिंतीवरचा. कालपासून आहे. लाल डोक्याचा. नुसता मान वरखाली करत असतो." मग ती म्हणाली, "त्याला काम काय आहे?"

मी खणाच्या कुलपाकडे पाहिलं.

"आणि किल्ली फिरतेय मालम. कालपासून फिरतेयच. कुर्र, कुर्र. दार उघडत नाही. तुम्ही 'हळूहळू' का लिहिलंत?"

मी फोन ठेवला, खण उघडला. पान जागच्या जागी होतं. पुन्हा वाचलं. मग लाल पेनने 'हळूहळू' खोडलं.

त्या दिवसापासून गार्बावरचा संशय गेला. त्याची जागा घ्यायला दुसरं काही आलं नाही, हीच पंचाईत.

मी जोर लावला. ताबावा मावशीला आणलं. 'म्हातारी दाराशी आली, किल्ली कुलपात घातलेलीच होती.' आता नुसतं उघडायचं होतं.

"म्हातारी आलीय," लादिदी फोनवर म्हणाली. "दाराबाहेर रडतेय. तिला किल्ली धरता येत नाहीये."

"का?"

"हात नाहीत तिला."

"असं कसं? सगळ्यांना असतात हात!"

"माझ्या मावशीचे तुम्ही काढलेत मालम. पहिल्या भागात."

मला आठवलं. हाजियाने मावशीच्या हातांवर सहा ओळी लिहिल्या होत्या. मेंदी, बांगड्या, दळून दळून पडलेले घट्टे. मी समासात लिहिलं होतं, 'हातांना काम काय?' आणि काट मारली होती.

"दुसरं कोणी पाठवा," ती म्हणाली. "नाहीतर तुम्हीच या. तुम्ही येतो म्हणता. रोज म्हणता. पान त्र्याहत्तर."

तिचा आवाज दमलेला होता. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, दोन मुली उजवल्यात. त्या वेळी कोण खरं आणि कोण खोटं याचा विचार माझ्याने झाला नाही. एक पोर अंधारात बसलीय, आणि दार माझ्या पेनाने बंद झालंय.

"येतो," मी म्हटलं. पहिल्यांदाच मनापासून.

रमजान तोंडावर होता. छापखान्यात गुरुवारची एकच पाळी मिळाली होती, त्यानंतर महिनाभर मशीन मोकळं नव्हतं. बुधवारी दुपारी मी लिहायला बसलो. या वेळी एकही चूक करायची नाही, असं ठरवलं. फोनवरचा माणूस स्वतः येतो. त्याला मी पक्के हात दिले, बोटांच्या टोकांना लाल शाईचे डाग दिले. चष्मा दिला, डावी काडी दोऱ्याने बांधलेला. झिजलेल्या चपला, गळ्यातली दोरी, गुडघ्याचं दुखणं, खिशातली कोसाईची पुडी. काही म्हणजे काही विसरलो नाही. तो येतो. किल्ली फिरवतो, एकदाच. दार उघडतं.

लादिदी बाहेर येते. मग मला वाटलं, ही जाणार कुठे? काकाच्या घरात? म्हणून त्या माणसाने गळ्यातली दोरी काढून तिच्या हातात दिली. 'साबोन गारीत माझं दुकान आहे. जा, बस. लावान चहा करून देईल.' ती गेली. दोन्ही पायांनी, उन्हात. मी ते लिहिलं आणि माझे डोळे भरून आले. मला वाटलं, अरे, हे जमतंय की!

तेवढ्यात आठवलं की फोन गोणीतच राहिला. वस्तू अशी अर्धवट सोडायची नसते. म्हणून तो माणूस फोन आणायला आत गेला.

आणि त्यापुढचं वाक्य मी लिहिलं नाही, हाताने लिहिलं. बावीस वर्षांची सवय. 'इतक्यात धुळीचा वारा उठला, आणि दार धाडकन लागलं.'

खरं सांगतो, वाक्य मला आवडलं.

खोडणारच होतो. पण लावानने कागद ओढला. "मालम, छापखानेवाला शिव्या घालतोय! वा, वा, काय शेवट आहे! चौथ्या भागाची सोय झाली." आणि त्याने नेहमीप्रमाणे खाली टाकलं, 'चौथा भाग लवकरच.'

गुरुवारी पुस्तक छापलं. गुरुवारी असरनंतर फोन वाजला नाही. शुक्रवारीही नाही. मी देलूकडून कोसाई घेतली, दुकानात बसून चवीने खाल्ली. उरलेली पुडी खिशात टाकली. लावानला म्हटलं, "सुटली बघ पोरगी."

"कोण पोरगी?"

"काही नाही. टाईप कर."

शनिवारी लावान पुस्तकं घेऊन स्टँडवर गेला होता. दुपारी वारा सुटला. आमच्याकडे या दिवसांत सुटतोच, वाळवंटाची धूळ घेऊन. गल्लीत बादल्या एकमेकींवर आपटायला लागल्या. मी टेबलावरचे कागद धरायला गेलो, तर फोन निसटून कागदाच्या गठ्ठ्यांमागे पडला. वाकून हात घातला.

दार धाडकन लागलं.

डोळ्यांत धूळ गेली होती. बादलीवाल्याला हाक मारली. बादल्यांचा आवाज बंद झाला होता.

गठ्ठ्याला हात लावला. आत बाजरी होती.

मी पुष्कळ ओरडलो. गुडघा दुखायला लागला, मग बसलो. खाली चटई होती.

पाणी अर्धं आहे. मी मोजून चार वेळा प्यायलो.

गळ्याशी हात नेला. दोरी नव्हती.

वर तळहाताएवढा उजेड होता. त्यातून कोसाईचा वास येत होता, देलूच्याच, तिच्या मिरचीचा वास मी झोपेतही ओळखीन. त्या उजेडात मान वरखाली करणारा सरडा दिसला.

गोणीत फोन सापडला, एक कांडी उरलेला. आत एकच नंबर. तो मला पाठ होता, माझ्याच दुकानाचा.

असरची बांग ऐकू आली, तसा लावला.

"हॅलो," एका बाईचा आवाज. शांत, दमलेला बिलकुल नाही. मागे बादल्या वाजत होत्या. लावानच्या टायपिंगचा आवाज येत होता. "मालमा, चहात साखर किती?" तो विचारत होता, इतक्या अदबीने तो माझ्याशी कधी बोलला नाही.

"लादिदी," मी म्हटलं. "दार लागलंय."

"हो, वाचलं मी. चांगला शेवट आहे."

"चौथा भाग लिही पोरी. एक ओळ लिहिलीस तरी पुरे. दार उघडलं, एवढंच."

"येते ना," ती प्रेमाने म्हणाली. "पण भिंतीवर तुम्हीच लिहून ठेवलंय बाबा. घाई केली की गोष्ट बिघडते."

पानं उलटल्याचा आवाज आला. ती काहीतरी वाचत होती.

"एक विचारू? ती वरची खिडकी आहे ना, तळहाताएवढी. गोष्टीत तिला काम काय?"

"उजेड येतो," मी म्हटलं. "वास येतो. लादिदी, ऐक..."

पेनाचा आवाज मला ओळखू येतो. बावीस वर्षं ऐकलाय. एक लांब, सरळ रेघ.

चारही भिंती मी हाताने चाचपून पाहिल्या. सगळीकडे सारख्याच लागतात. सरडा मात्र तिने ठेवलाय. पायावरून जातो तेव्हा कळतं.